नाव कुणी घेतलं नाही

आमच्या तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यापुढे नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं गेलं आणि त्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढायच्या असा नियम झाला. अठ्ठ्याण्णव साल होतं. तालुक्यांची कार्यालयं टेलिफोनच्या तारेवरून थेट दिल्लीच्या आरोग्याच्या जाळ्याला जोडायची असं वरून ठरलं होतं, आणि आम्हा नर्सबायांना त्याचं शिक्षण द्यायला नगरला बोलावलं होतं. शिकवणारा साहेब तरणा, पुण्याकडचा. तो म्हणाला, एड्सच्या तपासणीला रक्त पाठवताना नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. निकाल कॉम्प्युटरवर कुलपात येणार. कुलूप म्हणजे पासवर्ड, आणि तो एकट्या डॉक्टरांना ठाऊक असणार. "खुद्द कलेक्टर आले तरी त्यांना दिसायचं नाही, मॅडम."

मला ते पटलं. आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी देव्हारा काढला आणि त्या जागी पुस्तकांची फळी ठोकली. शिकलेल्या माणसावर आणि लिहिलेल्या नियमावर विश्वास ठेवायचा, हेच आमच्या घरचं वळण.

माझी नेमणूक दगडपिंपरीला होती. जिल्ह्याच्या पूर्वेचं कोरडं गाव, दिवाळी झाली की अर्धं ऊसतोडीला जाणारं. उपकेंद्र म्हणजे एक खोली, एक खाट आणि माझी पेटी. फोन नव्हता. गावात फोन एकच, ग्रामपंचायतीत, आणि तिथे शिपाई गोरक्षनाथ. कुणाचाही फोन आला की गोरक्षनाथ पंचायतीच्या माडीवरचा भोंगा चालू करायचा आणि गावाला ऐकवायचा, "कानिफनाथ तात्या, बारामतीवरून पोरीचा फोन हाय, जावयाला बरं न्हाई, लगी या." माणूस रानात असला तरी धावत यायचा. त्या भोंग्यानं गावाची सोय होत होती, हे मी नाकारणार नाही. कुणाचं काय बिनसलंय हे सगळ्यांना एकदम कळायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

ज्योती आमच्या अंगणवाडीची मदतनीस. पोरांची खिचडी शिजवायची, भांडी घासायची, कुणाचं नाक पुसायची. वय असेल पंचविशीचं. नवरा रामहरी उसाच्या ट्रकवर होता, तो आदल्या वर्षी खोकून खोकून गेला. गावानं टीबी म्हटलं. मला वेगळी शंका होती, पण मी बोलले नव्हते. एक दिवस ज्योतीच माझ्याकडे आली आणि दार लोटून घेतलं.

"बाई, त्यांना जे झालं हुतं ते मला बी आसंल का वो? माझी सासू रोज इचारती, तुला खोकला कधी लागायचा म्हनून. मी पोरांचं शिजविते. माझ्यामुळं एखाद्या लेकराला काय झालं तर?"

मी तिला समजावलं की असला रोग स्वयंपाकातून होत नाही. तरी ती ऐकेना. तपासायचंच म्हणाली, आणि तपासायचं तर गावाला कळता कामा नये. कळलं की अंगणवाडी सुटली, आणि अंगणवाडी सुटली की सासू, झुंबरबाई, दुसऱ्या दिवशी तिला माहेरचा रस्ता दाखवणार. माहेरी बाप नव्हता. तिच्याकडे होतं ते एवढंच, चुलीवरचं पातेलं आणि भोवती बसलेली पोरं.

"नावसुद्धा जात नाही," मी म्हटलं. "नंबर जातो."

तिनं दंड पुढे केला. बाटलीवर मी फक्त सतरा हा आकडा घातला.

निकाल आला तो सोमवारी. मी लसीकरणाला वस्तीवर होते आणि तिथंच भोंगा ऐकला. "हॅलो, हॅलो. नर्सबाईला कळविन्यात येतं की दिल्लीच्या कंप्युटरातून एड्सचा रिपोर्ट आल्याला हाय. ज्याचा नंबर सत्रा हाय त्या मान्साला घेऊन उद्या तालुक्याला यावं, आसं हापिसातून सांगितलंय." आणि नीट ऐकू गेलं नसेल म्हणून त्यानं ते पुन्हा सांगितलं.

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. समोरची बाई पोराला छातीशी धरून माझ्याकडे टकामका बघत होती. मी पेटी बंद केली आणि तडक पंचायतीत गेले. गोरक्षनाथ विडी ओढत बसला होता.

"अहो, हे भोंग्यावर सांगायचं असतं का?"

"मग कसं सांगायचं? तुमी वस्तीवर." तो खरंच गोंधळला होता. "आन बाई, मी नाव घेतलं का कुनाचं? तिकडून ते म्हेंद्र साहेब बोलले, नाव सांगायचं न्हाई, नंबरच सांगा. मी नंबरच सांगितला."

तालुक्याचा कॉम्प्युटर ऑपरेटर महेंद्र यानं फोनवर नाव सांगायचं नाही हा नियम पाळला होता. गोरक्षनाथनं निरोप पोचवायचा हा नियम पाळला होता. भांडायचं तर कुणाशी भांडायचं? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीला स्टँडवर जत्रा. ज्यांना कुठेही जायचं नव्हतं असे बाप्येसुद्धा अंगावर धुतलेले कपडे चढवून पारावर बसले होते. नर्सबाईबरोबर कोण चढतंय ते बघायला. मी एकटी चढले. मनात म्हटलं, बसा बोंबलत. रिपोर्ट मीच घेऊन येते.

तालुक्याला महेंद्रनं चपला काढायला लावल्या आणि मग सांगितलं की रिपोर्ट मला दाखवता येणार नाही. मी डॉक्टरांकडे गेले. भला माणूस. खुर्ची दिली, चहा मागवला.

"सिस्टर, निकाल ज्याचा त्यालाच सांगायचा. तोंडी. तशी स्पष्ट सूचना आहे. तुम्हाला सांगितला आणि उद्या काही झालं तर?"

"गावात भोंग्यावर सांगून झालंय, साहेब."

"आपल्या सिस्टीममधून तर नाही ना गेलं?" ते म्हणाले, आणि त्यात त्यांना दिलासा वाटलेला मला दिसला.

मग मी आणि ज्योतीनं बाजाराचा दिवस धरला. गुरुवारी निम्मं गाव तालुक्याला जातं, गर्दीत कोण कुणाला बघतंय? ती पिशवी घेऊन एसटीत पुढच्या दारानं चढली, मी मागून जीपनं गेले. बाजाराच्या तोंडाशी ती बायकांतून अलगद बाजूला झाली आणि कार्यालयाच्या बोळात शिरली. कुणी पाहिलं नाही. मी आजही शपथेवर सांगते, कुणीही पाहिलं नाही.

डॉक्टरांच्या खोलीतून ती बाहेर आली तेव्हा भिंतीला धरून उभी राहिली. मला वाटलं, संपलं. तर तिनं माझा हात पकडला.

"न्हाई म्हनत्यात बाई. मला कायबी न्हाई. पुन्ना इचारलं मी, तरी न्हाईच म्हनले."

रामहरी जाऊन वर्ष उलटलं होतं, म्हणजे रोग रक्तात दिसायला लागतो तो काळही संपला होता आणि निकाल पक्का होता. आम्ही दोघी तिथंच पायरीवर बसून रडलो. मग तिनं तोंड धुतलं आणि बाजारात जाऊन अंगणवाडीच्या पोरांसाठी गुळाची गुडीशेव घेतली.

पण एक गोष्ट आम्हा दोघींच्याही ध्यानात आली नव्हती. ज्योती बाजाराला कधी जातच नसे. बाजार झुंबरबाई करायची, कारण ज्योतीला पोरांचं शिजवायचं असे. त्या दिवशी अंगणवाडीत चूल पेटली नाही. चिल्लीपिल्ली रिकामी ताटली घेऊन भर दुपारी घरोघर परतली आणि म्हणाली, ज्योतीमावशी नाय आली. सोमवारपासून गाव त्या सतरा नंबरच्या माणसाचीच वाट बघत होतं. पोरांनी ते नाव आयांना नेऊन दिलं, भुकेल्या पोटी.

संध्याकाळच्या एसटीपर्यंत ती बातमी दुपारच्या जीपनं बाजारात आली होती. एसटी गच्च भरली. लोक दांड्याला लोंबकळत होते, बायका टोपल्यांवर बसल्या होत्या. ज्योती तिघांच्या बाकावर खिडकीशी बसली होती आणि तिच्याशेजारी कुणी बसलं नाही. कंडक्टर ओरडला, "जागा हाय की, बसा ना." एक म्हातारी बसायला गेली तर तिच्या सुनेनं तिचा पदर ओढला. मी माणसं सारून पुढं गेले आणि ज्योतीशेजारी बसले. तिनं गुडीशेवेची पुडी मांडीवर घट्ट धरली होती.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत एकही पोर नाही. मी दारोदार फिरले. "अगं तिला काही नाही, मी स्वतः सांगते," म्हणून घसा कोरडा केला.

"कायबी नव्हतं तर चोरून का गेली?" आक्काबाई म्हणाली. तिची दोन नातवंडं ज्योतीच्या हातचं खाऊनच तर वाढली होती. "चोराच्या मनात चांदणं. आन न्हाई म्हनता, तर दाखवा कागद."

मी पुन्हा तालुक्याला गेले, त्या कागदासाठी. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, देता येत नाही, आणि खरं सांगू, देऊ पण नये. आज तिला 'नाही'चा कागद दिला, तर उद्या ज्याच्याकडे कागद नाही त्याला गाव पकडेल." माणूस चुकीचं बोलत नव्हता, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त संताप आला. ज्योतीचं निर्दोषपण दिल्लीच्या कुलपात सुखरूप होतं. गावात मात्र तिच्या नावाचा नुसता बाजार उठला होता. तिनं यांचं काय घोडं मारलं होतं?

मी परत येऊन आक्काबाईच्या ओट्यावर उभी राहिले. म्हटलं, सांगा आता, कशानं पटेल?

"आदी तुमची पोरगी पाठवा."

माझी अश्विनी साडेचार वर्षांची. तिला मी आजवर शेजारी ठेवत असे. दुसऱ्या दिवशी तिला नवा फ्रॉक घातला आणि सगळ्या गल्लीतून हाताला धरून अंगणवाडीत नेली. ज्योतीनं तिला पाटावर बसवून वाढलं, वर शेंगदाणे घातले. अश्विनीनं दोनदा घेतलं. मी दारात उभी राहून लोकांना बघू दिलं.

आक्काबाईनं बघितलं आणि म्हणाली, "तुमचं काय बाई, तुमच्यात चालतं."

त्या 'तुमच्यात'चा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण अश्विनीला रोज पाठवायचं मी बंद केलं नाही. पोरगी एकटीच जेवायची, एकटीच गाणी म्हणायची. मग गल्लीतल्या पोरी तिला खेळात घेईनात. शिवाशिवीत तिच्यावर राज्य आलं की सगळ्या पळून घरात जायच्या आणि आतून कडी लावायच्या. हा खेळच आहे असं तिला आधी वाटलं.

पंचायत समितीच्या बाई पाहणीला आल्या. पटावर एवढी पोरं आणि पाटावर एकच, असं कसं, म्हणाल्या. पंधरा दिवसांत हजेरी वाढली नाही तर अंगणवाडी दुसऱ्या वस्तीला हलवावी लागेल. त्याच सुमाराला नगरहून पत्र आलं. आमच्या तालुक्यात माहितीची गुप्तता पूर्णपणे राखली गेली होती, असा उल्लेख त्यात होता.

एक दिवस अश्विनी लगेच माघारी आली. "मावशी म्हणाली, आज शिजवलं नाही." मी गेले. धुराचा वास बाहेरपर्यंत येत होता. आत ज्योती भरल्या पातेल्यापुढे बसली होती.

"खोटं का बोललीस तिच्याशी?"

"बाई, काल तुमची पोरगी त्या भिंताडाआड बसून एकटीच भातुकली खेळत हुती. सगळ्यांचं बोलनं एकटीच बोलत हुती." ती माझ्याकडे बघत नव्हती. "माझं झालं ते झालं. तिला नका पाठवू. मीच येत न्हाई उद्यापास्नं."

"तुला काही झालेलं नाही, ज्योती! तू का जायचंस?"

"ते तुमाला म्हाईत आन मला म्हाईत. अजून कुनाला म्हाईत हाय, सांगा बरं?"

त्याच आठवड्यात झुंबरबाईनं तिचं गाठोडं ओट्यावर आणून ठेवलं. माहेरी भावजयीनं घेतलं नाही, असं कळलं. नंतर कुणी म्हणालं ती सोलापूरच्या बाजूला एका टोळीत ऊस तोडायला गेली, कुणी आणखी काही म्हणालं. मी दोनदा पत्र टाकलं, ते परत आलं.

अंगणवाडीत आक्काबाईची सून मदतनीस लागली आणि दोन दिवसांत सगळे पाट भरले. मी अश्विनीलाही पाठवली. घरी कोंडून ठेवणार होते का तिला? पहिल्या दिवशी ती तोंड खिचडीनं बरबटून, धापा टाकत आली.

"आई, आज सगळ्या माझ्याशी खेळल्या!"

"हो का?"

"हो. ज्योतीमावशी गेली ना, म्हणून," ती म्हणाली. "आई, बरं झालं ना ती गेली?"

मी तिचं तोंड पुसलं. ती उत्तरासाठी थांबली होती, आणि बाहेर पोरी तिला हाका मारत होत्या. मी म्हटलं, जा खेळ.