घंगाळातल्या चार खुंट्या

उत्रोलीत फुकट आणि भरपूर मिळणारी वस्तू एकच, सल्ला. शिवानीनं फक्त आईला, म्हणजे साळूबाईला, सांगितलं होतं की टॉवेलच्या खुंट्यांना पाणी शिरणार नाही असं काहीतरी लावायचंय. दिवस मावळायच्या आत सगळ्या आळीनं तिच्या खुंट्या मनातल्या मनात रंगवून टाकल्या.

खुंट्या आंब्याच्या लाकडाच्या, शिवानीनं स्वतः लेथवर कातलेल्या, अंगठ्याएवढ्या गुबगुबीत. वेल्ह्याला शुभ्राताईंचं पर्यटकांसाठी मुक्कामाचं घर आहे, तिथल्या न्हाणीघरांत त्या बसायच्या होत्या. पहिला नमुना ओलीनं काळा पडला आणि पांढऱ्या टॉवेलांवर डाग पाडून परत आला. "बाजाराच्या दिवशी येते, शेवटचं बघते," असा शुभ्राताईंचा निरोप होता. भाऊ सम्राटनं तर निकालही लावून टाकला होता. "ह्या बारीला ऑर्डर गेली तर लेथ विकायचं. शेडमधी माझा टेम्पो लागंल."

सल्लागारांतले तिघे हटेनात. भोरचे रंगाचे दुकानदार मंदारभाऊ म्हणाले, "व्हार्निश. डोळे झाकून." शेजारचे चिमाजीआप्पा म्हणाले, "जवसाचं तेल. माझ्या बैलगाडीला तेच व्हतं." बैलगाडी आता कुठं आहे, हे मात्र कुणी विचारलं नाही. पार्लरवाली प्रेरणा म्हणाली, "बिनरंगाची नेलपॉलिश लाव गं. धुणीभांडी करूनबी माझी नखं बघ."

शिवानीनं तिघांना आपापलं लावून आणायला एकेक खुंटी दिली. चौथी कोरीच ठेवली, फरक कळावा म्हणून. चारी घंगाळात बुडवल्या, तरंगू नयेत म्हणून वर दगड, त्यावर ताट. "बाजारापर्यंत ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. मीबी न्हाई," तिनं बजावलं. आणि ती शहाणी पोर खरंच शब्दाला जागली. सगळा घोटाळा तिथंच झाला.

दुसऱ्याच दिवशी मंदारभाऊ स्कूटरवरून तांदळाचा भाव विचारायला आले. आयुष्यात त्यांनी कधी पिशवीभर तांदूळ उचलला नव्हता, पण जाताना खिशात खुंटी होती. प्रेरणा विरजण मागायला आली. चिमाजीआप्पा काहीच मागायला आले नाहीत, नुसते आले. शेवटी आत गेलेल्याला घंगाळात आपली आणि कोरी अशा दोनच खुंट्या दिसल्या. त्याला इतरांचा भयंकर राग आला, पण बोंब मारायची सोय नव्हती.

बाजाराच्या सकाळी सगळे पुन्हा भाव, विरजण आणि काहीच नाही विचारायला आले, गुपचूप घंगाळाशी जाऊन आले आणि निकाल बघायला तिथंच रेंगाळले. मग शुभ्राताईंची गाडी लागली. शिवानीनं ताट काढलं, दगड काढला, आणि चार खुंट्या वर आल्या. चारी ताज्यातवान्या!

शुभ्राताईंनी त्यातली एक उचलली. "हिला काय लावलंय?"

"काहीच न्हाई," शिवानी आ वासून म्हणाली.

"मग हीच द्या की सगळीकडे!"

शिवानीनं मान वळवली. साळूबाई पदराशी चाळा करत होती. "आई?"

"अगं, बाकीच्यांचे वाली येऊन घिऊन गेले. हीच एकली पाण्यात पडलेली. दया आली. चुलीपाशी ठिवली व्हती. आज सकाळी परत टाकली."

"येऊन घिऊन गेले म्हंजी?"

मंदारभाऊ छताकडे बघू लागले. प्रेरणा म्हणाली, "मी आपली एक कोट मारायला नेलेली. ह्यांनी तर दुकानात काचेत ठेवलेली!"

"तू माझ्या दुकानात कशाला डोकावलीस?" मंदारभाऊ भडकले.

सम्राट हसत हसत टेम्पोची किल्ली फिरवू लागला. शिवानीनं न्हाणीच्या बंबातलं कढत पाणी आणलं आणि चारी खुंट्यांवर ओतलं. "आता ज्याला काढायचीय त्यानं हात घालून काढा!"

कुणी हात घातला नाही. पाणी निवलं तेव्हा कोरी खुंटी दाढी वाढल्यासारखी खरबरीत झाली होती. नेलपॉलिश सालपटासारखी सुटली. व्हार्निशची वरून झगमगत होती, पण मंदारभाऊंनी धरून रंगवताना बूड तसंच राहिलेलं. तिथनं पाणी प्यायलेली. आप्पांच्या खुंटीवर थेंब मात्र मोत्यासारखे उभे.

"आप्पा, काय केलंत खरं सांगा."

"रोज इवलंसं तेल लावलं, उन्हात ठिवली."

"एवढंच?"

"आन घासून पुसली. चिकट ऱ्हायली आसती तर तुला चोरी कळली नसती व्हय?"

शुभ्राताई हसून हसून ओसरीवर बसल्या. "मला अशाच हव्यात. सगळ्या. उशीर चालेल."

सम्राटनं किल्ली खिशात टाकली आणि टेम्पो चिंचेखाली लावायला गेला. शिवानीनं लेथ चालू केलं तशी भुशाची कारंजी मंदारभाऊंच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर उडाली. जवसाचं तेल आपल्याकडंच मिळतं, हे सांगायला ते तरीही विसरले नाहीत.

तेल लावायचं काम रीतसर आप्पांकडं गेलं. हुद्दा मिळाल्यावर आप्पा खुर्ची टाकून, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत, सढळ हातानं तेल ओतायला लागले. पहिला घाणा असा चिकटला की खुंटीला टॉवेल नव्हे, माणूस लटकला असता.

शिवानीनं डोक्याला हात लावला. मग आप्पांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "आप्पा, मी आता तिकडं बघत न्हाई. गपचूप काय करायचं ते करा."

आप्पांनी इकडंतिकडं पाहिलं, खुंट्या धोतरात बांधल्या आणि शेडच्या मागं पसार झाले.