सॅमसन कुठल्या गावचा?

शिरोली एमआयडीसीच्या रस्त्यावर अमरसिंहनं व्यायामशाळा काढली आणि पाटीवर ‘सॅमसन जिम’ असं रंगवून घेतलं. नुसत्या हातांनी सिंह फाडणारा वीर, एवढीच माहिती त्याला मोबाईलवर मिळाली होती. तेवढी त्याला पुरे होती.

गणपतरावांना पुरे नव्हती. ते येत्या निवडणुकीतले इच्छुक उमेदवार आणि महिनाभर त्यांना चिडायला काही मिळालं नव्हतं. कॅमेरावाल्याला घेऊन ते पाटीखाली उभे राहिले. “कुस्तीच्या मातीत परदेशी नाव? आठ दिवसांत उतरवा, न्हायतर आमी उतरवतो!”

अमरसिंह घाबरून शिमशोन पेणकरांकडं गेला. पेणकर त्याच्या वडिलांबरोबर फाउंड्रीत होते. मूळचे कोकणातले मराठी ज्यू, पण चाळीस वर्षं कोल्हापुरात.

“काका, सॅमसन म्हंजे काय ओ?”

“म्हंजे मी,” पेणकर म्हणाले. “हिब्रूत शिमशोन. शेमेश म्हंजे सूर्य, त्यावरनं आलंय. त्या वीराच्या आईनं ठेवलं. का ठेवलं, ते आमच्या धर्मग्रंथात लिहिलेलं न्हाय.”

अमरसिंहनं तिथूनच गणपतरावांना फोन लावला. “सायेब, शिमशोन पेणकर काका म्हणत्यात, नावाचा अर्थ सूर्य हाय.”

“सूर्य? आरं, मग त्यो आपलाच की!”

दोन दिवसांत चौकाचौकात फलक लागले. सॅमसन म्हणजे पंचगंगेकाठचा सूर्यवंशी मल्ल शामसेन. तो परमुलखात गेला आणि तिकडच्यांना नाव नीट उच्चारता आलं नाही, म्हणून सॅमसन झाला. संशोधक, गणपतराव. जिमच्या उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे, शिमशोन पेणकर.

“जाऊ नये वाटतंय,” पेणकर बायकोला म्हणाले.

“जावा की,” रिबकाबाई म्हणाल्या. “फकस्त खोटं बोलू नका.”

उद्घाटनाला मांडव गच्च भरला. “शामसेनाचं रक्त माझ्यात हाय!” असं गरजून घामाघूम झालेल्या गणपतरावांनी फेटा काढला आणि ते गुळगुळीत डोक्यावर पत्रिकेनं वारा घेत बसले. “आता पावणं पुष्टी देतील.”

पेणकर माइकपाशी गेले. “शिमशोन इस्राएलचा, तिथल्या दान नावाच्या वंशातला. पंचगंगा त्यानं कधी बघितली न्हाय. त्याची ताकद केसांत. जन्मापासनं वस्तरा लावायचा न्हाय, असा देवाचा नेम हुता. त्याचा जीव जडलेल्या दलीला नावाच्या बाईनं गोड बोलून ते गुपित काढून घेतलं आणि झोपेत त्याच्या साती बटा भादरायला लावल्या. उठला तवा अंगात काय उरलं न्हवतं.”

सगळा मांडव गणपतरावांच्या डोक्याकडं बघायला लागला. मागून कुणीतरी ओरडलं, “सायेब, तुमच्या बटा कुणी नेल्या?”

हशा थांबेना. गणपतराव गळ्यातला हार तिथंच टाकून गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांचं नवं संशोधन आलं. सॅमसन पक्का परदेशी असून टक्कल पडलेल्या समाजाचा अपमान करण्यासाठीच त्याला इथं आणलेलं आहे. अमरसिंहनं निमूटपणे पाटीवरचं नाव पुसून नुसतं ‘जिम’ ठेवलं आणि पेणकरांची माफी मागितली.

“माफी कशाला?” पेणकर म्हणाले. “चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या नावाचा अर्थ विचारला.”

ते खरंच खूश होते. त्याच आठवड्यात ते भाषण ऐकलेल्या, बिद्री गावच्या कुणा आकारामचा फोन आला. मुलगा झाला होता. “शिमशोन ठेवू काय?”

“ठेवा की. पण शाळेत, बँकेत, आधार केंद्रात, सगळीकडं तीन-तीनदा सांगावं लागंल.”

“घरात विचारतो,” म्हणून आकारामनं फोन ठेवला. मुलाचं नाव आदर्श ठेवलं, असं पुढं कळलं.