कडुनिंब गेला त्यानंतर

रेवती ठोसरने अंगणातल्या कडुनिंबावर लेख लिहून ब्लॉगवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी अंगणात कडुनिंब नव्हता. खड्डा नव्हता, पाचोळा नव्हता, नुसती सपाट जमीन. दुपारी कोल्हापूरच्या एका बाईंनी लेखाखाली कळवलं, की झाड आमच्या गॅलरीत नीट उभं आहे, सावलीही छान पडते, आभार.

रेवतीला वाईट वाटलं. पण तिचं लिखाण इतक्या लोकांनी आजवर कधी वाचलं नव्हतं. मग तिने आईच्या पाट्यावर लिहिलं. पाटा नाशिकला गेला. स्वयंपाकघरातल्या खिडकीवर लिहिलं, तर तिथे भिंत आली आणि भरदिवसा दिवा लावून पोळ्या लाटाव्या लागल्या. नवरा, अविनाश, म्हणाला, दुसऱ्यांच्या वस्तूंवर लिही की. तिने शेजाऱ्यांच्या मोटारीवर लिहिलं. मोटार जागची हलली नाही आणि लेख कुणी वाचला नाही. जीव ओतून लिहिलेलंच तेवढं जायचं.

अविनाशने ब्लॉग बंद करायला लावला. तिने केलाही. पण तिला घरात करमेना, भाजी करपायला लागली. शेवटी तिने ब्लॉग पुन्हा उघडला आणि अविनाशच्या हसण्यावर लिहिलं. त्यानंतर तो हसायचा, पण आवाज यायचा नाही. त्याने तिच्याशी बोलणं सोडलं. लेखाखाली वाचक लिहीत होते, ताई, थांबू नका.

आता उरले तिचे वडील. मागच्या खोलीत राहायचे. त्यांच्याकडे पाहिलं की तिला वाक्यं सुचायची, म्हणून ती पाहायचंच टाळायची. ताट ठेवायची ते मान खाली घालून.

एका दुपारी त्यांनी विचारलं, "माझ्यावर कधी लिहिणार?"

"नाही लिहिणार, बाबा."

"मग माझ्याकडे बघ तरी."

तिने पाहिलं. किती दिवसांनी पाहत होती. नाकावरचा चष्म्याचा वळ, दाढी करताना राहून गेलेला गालावरचा पांढरा पट्टा, तिने पाहिलं म्हणून उजळलेला चेहरा. ती तशीच उठली आणि लिहायला बसली. इतकं सरळ, इतकं खरं तिला आयुष्यात लिहिता आलं नव्हतं. तिने ते त्यांना वाचून दाखवलं. ते ऐकत राहिले. मग इस्त्रीचा सदरा घालून पलंगावर बसले आणि म्हणाले, "चांगलं झालंय. ठेवून काय करशील?"

सकाळी पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती. लेखाखाली साताऱ्याहून निरोप आला होता. बाबा सुखरूप पोचले, ताई. चहात साखर किती घालायची?

रेवतीने उत्तर लिहायला घेतलं. तिला आठवेना. तिने आपलाच लेख उघडला आणि पहिल्या ओळीपासून साखर शोधू लागली.