खातं बायकोच्या नावाचं

शुक्रवार म्हणजे कतारमधला रविवार. त्या दिवशी अल दुहैलच्या कंपाउंडमध्ये गायधनींच्या घरी मिसळ असते, आणि चांगला पाव मिळाला नाही तर बरोबर खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, असते. नाशिकचा माणूस खुबसाशी मिसळ खातो हे पाहून कमलिनीबाईंना पहिल्या आठवड्यात अगदी भरून आलं होतं. आता मुलाकडे येऊन त्यांना दीड महिना झाला होता आणि त्या स्वतःच खुबूस तव्यावर गरम करून वाढत होत्या.

घरात चार माणसं. कमलिनीबाईंचा मुलगा कुणाल, गॅस कंपनीत इंजिनिअर. सून रुचा. आणि नात अंतरा, अकरा वर्षांची. आजीचं मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. त्या आठवड्यात घरात आनंद होता. दहा वर्षं घरी बसल्यानंतर रुचाला जवळच्याच एका शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली होती. पोलिसांचा दाखला यायचा होता आणि एका फॉर्मवर नवऱ्याची संमती म्हणून सही व्हायची होती. फॉर्म दोन दिवसांपासून टेबलावर पडून होता.

"रुचा, अकरा वाजता तुझा एक व्हिडिओ कॉल आहे," कुणाल फरसाण वरून घेत म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

"शाळेचा?"

"नाही गं. पोकरचा."

रुचाच्या हातातला डाव रश्श्यातच राहिला.

पोकर म्हणजे पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा डाव. हातात काही नसताना पुष्कळ काही आहे असं भासवून समोरच्याला पळवून लावायचं, याला ब्लफ म्हणतात. कुणाल दोन वर्षं हे फोनवर खेळत होता. अगदी लहान डाव, चहाच्या पैशांचे, असं तो म्हणे. चहाच्या पैशांनी खेळणारा माणूस दिवसाला चाळीस चहा पितो, हे मात्र तो कुणाला सांगत नसतो.

साइट निवडायला त्याने जेवढी अक्कल खर्च केली तेवढी अंतराची शाळा निवडताना केली नव्हती. कुठे नवखे खेळाडू जास्त, कुठे जिंकलेले पैसे लवकर हातात पडतात, कुठे भारतातली कागदपत्रं चालतात, सगळं तपासून झालं होतं. पहिल्या साइटने त्याचं खातं बंद केलं, तेव्हा दुसऱ्या साइटवर त्याने रुचाच्या नावाने उघडलं. तिच्या आधार कार्डाचा फोटो त्याच्याकडे होताच. नवरा-बायकोत विचारायचं काय? आता साइटला संशय आला होता. ज्या बाईच्या नावाचं खातं आहे ती कॅमेऱ्यासमोर येऊन बोलेपर्यंत पैसे अडकले होते. किती, ते मी सांगणार नाही. आकडा लहान निघाला तर तुम्ही हसाल, मोठा निघाला तर कुणालची कीव कराल. आणि मला दोन्ही नको आहे.

"दाखव मला," रुचा म्हणाली.

त्याने फोन पुढे केला. पडद्यावर हिरवं टेबल होतं आणि एका खुर्चीपाशी तिचा फोटो. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवातला, मोरपिशी साडीतला. खाली नाव, 'रुचा नाशिक'. बाजूला परक्या पुरुषांचे निरोप एकाखाली एक होते. कुणी तिच्या साडीबद्दल लिहिलं होतं, कुणी साडीच्या आतल्याबद्दल. काहींना उत्तरंही गेली होती, लाडिक, हसऱ्या चेहऱ्यांची. ती कुणालने लिहिली होती.

"अगं, ही स्ट्रॅटेजी आहे," तो ऑफिसात प्रोजेक्ट समजावतात तशा आवाजात सांगू लागला. "टेबलावर बाई असली की पुरुष दोन प्रकारे येडे होतात. काही दया दाखवून पत्ते टाकून देतात, काही शान मारायला पैसे उधळतात. आणि बाई ब्लफ करत असेल असं कुणाला वाटतच नाही. सिंपल आहे."

"हे सगळं मला बोललेत ते लोक."

"तुला कोण ओळखतंय तिथे?"

रुचाने फोन परत त्याच्याकडे सरकवला. ती उठून सिंककडे गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली.

"आई, आर यू ओके?" अंतराने विचारलं. कुणालने तिला वर पाठवलं.

कमलिनीबाई उठून सिंकपाशी आल्या. त्या सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "जाऊ दे गं. पाच मिनिटं बस आणि मोकळी हो. घरातली गोष्ट घरात राहते. आम्ही नाही का आयुष्यभर सह्या केल्या? पेन्सिलीने फुली केलेली असायची, तिथे सही करायची. वडिलांच्या मळ्याचं हक्कसोडपत्र झालं तेव्हा मी वाचलंसुद्धा नव्हतं. तुझे सासरे म्हणाले, भावांशी वाकडं नको, मी केली सही. काय बिघडलं माझं?"

हे बोलताना त्यांचा आवाज शेवटी बारीक झाला. धाकट्या भावाने तो मळा विकून टाकला, आणि त्यांना ते एका लग्नात तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तेवढं त्यांनी सांगितलं नाही.

कॉलला अजून तास होता. कुणालने रुचाला सोफ्यावर बसवून तयारी सुरू केली. "हे बघ, ब्लफ म्हणजे एक गोष्ट असते. पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच सांगायची. विचारलं तेवढंच बोलायचं. ज्याच्याकडे पत्ते नसतात तो जास्त बडबडतो. खातं माझं आहे, मीच खेळते, नाशिकला माहेरी असताना शिकले. बोल."

गेली दहा मिनिटं तोच बडबडत होता, हे रुचाच्या लक्षात आलं.

"आणि मी नाही बसले तर?"

कुणालने टेबलावरच्या फॉर्मकडे पाहिलं. "त्याच्यावर सही माझीच लागते ना? मी काही म्हणत नाहीये. यू डिसाइड."

ती चपला घालून बाहेर पडली. जुलैचं ऊन, सकाळी दहालाच रस्त्यात कुत्रं दिसेना. कंपाउंडला एक चक्कर मारायला चार मिनिटं लागतात. तिने तीन मारल्या. तक्रार करायची तर कुणाकडे? या देशात जुगार हा गुन्हा आहे. कुणाल अडकला तर त्याच्या व्हिसावरची ती आणि अंतराही अडकणार. कॅमेऱ्यासमोर हो म्हणावं, तर जुगार मी खेळते हे तिच्याच तोंडाने नोंदलं जाणार, तेही पोलिसांचा दाखला यायच्या आठवड्यात. नाही म्हणावं, तर नोकरी गेली आणि घरात राहायचं त्याच्याचबरोबर.

"मॅडम, टॅक्सी बुलाऊँ?" गेटवरच्या रमीजने विचारलं.

"नहीं भैया," ती म्हणाली. टॅक्सी करून जायचं तरी कुठे? ती परत फिरली.

बरोबर अकराला पडद्यावर एक तरुण मुलगी आली. कुणाल लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा उभा राहिला. मुलीने हिंदीत नमस्कार केला, आधार कार्ड चेहऱ्याशेजारी धरायला सांगितलं. रुचाने धरलं.

"मॅम, ये अकाउंट आपका है? आप खुद खेलती हैं?"

कुणालने मान डोलवली. रुचाला पत्ते ओळखायचेही कसे ते माहीत नव्हतं, आणि तरी आयुष्यात पहिल्यांदाच डाव तिच्या हातात आला होता. जिन्यात अंतरा येऊन बसली होती, हे तिला दिसलं.

"नहीं," रुचा म्हणाली. "कार्ड मेरा है, फोटो मेरी है. मुझसे पूछे बिना लिया गया. मैं नहीं खेलती. ये अकाउंट बंद कर दीजिए और फोटो हटा दीजिए."

मुलीने पुन्हा विचारलं, "शुअर, मॅम?"

"हाँ. पक्का."

पडदा काळा झाला. कुणालने लॅपटॉप आपटून बंद केला. "एक शब्द! एक शब्द बोलायला तुझं काय जात होतं? खलास. सगळं गेलं. आता त्या शाळेचंही विसर."

रुचा बसल्या जागेवरून हलली नाही. "मी खोटं बोलले असते तर तिथे जाऊन मुलांना काय शिकवणार होते?"

तो ऐकत नव्हता. फोन हातात घेऊन फेऱ्या मारत होता, आणि अंगठा आपोआप पडद्यावर फिरत होता. मग तो एकदम थांबला. चेहऱ्यावर पुन्हा तीच आशा आली, जुगाऱ्याची. हरल्यावर पाच मिनिटांत येते ती.

"आई," तो गोड आवाजात म्हणाला, "दुसरी एक साइट आहे. चांगली आहे. तुझं आधार कार्ड आणलंयस ना?"

कमलिनीबाई खुबसाची ताटली उचलत होत्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे. अडुसष्ट वर्षांत त्यांच्याकडे कागद पुष्कळ वेळा मागितले गेले होते, आणि त्यांनी ते नेहमी आतून आणून दिले होते.

"आणलंय," त्या म्हणाल्या. "पण देणार नाही."

"आई, अगं फक्त नावाला..."

"नावालाच तर म्हणतेय मी. माझं नाव आहे ते. तुझ्या वडिलांना नाही म्हणायची हिंमत झाली नाही माझी, तुला म्हणते. आणि आधी पेन घे. रुचाच्या फॉर्मवर सही कर."

जिन्यातून अंतरा म्हणाली, "आजी, मी आणू पेन?" चक्क मराठीत.

पेन आलं. सही झाली का, ते तुम्ही विचाराल. हे लिहीपर्यंत तरी नाही. फॉर्मशेजारी पेन ठेवलेलं आहे, आणि जेवायला बसताना घरातल्या तिघी ते बाजूला सरकवत नाहीत. ताटं त्याच्या आजूबाजूला मांडतात.

आणि कुणालला नावं ठेवून पान उलटण्याआधी, वाचकहो, एवढं करा. तुमच्या फोनमध्येही बायकोच्या, आईच्या आधार कार्डाचा फोटो असेल. तो कुठे कुठे पाठवलात, हे तिला जाऊन सांगा. सांगताना जीभ अडखळली, तर मी हे कुणाबद्दल लिहिलं ते तुम्हाला कळेल.