कानबाईचा दिवा, जावयाचं तेल

सोमवारी सकाळी सोनगीरच्या त्या गल्लीत इतकी माणसं दाटली होती, की शेळ्यासुद्धा वळसा घालून चालल्या होत्या. गर्दीच्या मधोमध एक पांढरी गाडी. तिच्यावर झेंडूचा हार, बॉनेटवर नारळ, काचेला हळदीकुंकू. आणि आत, बंद काचांमागे, स्टीअरिंग धरून बसलेला भूपेंद्र. तो घामानं निथळत होता. आपल्याला कुणीतरी ओवाळतंय याची त्याला अजिबात सवय नव्हती.

डॅशबोर्डावर लाल दिवा लागला होता. झारीसारखा आकार, पुढे चोच, चोचीपुढे थेंब.

"कानबाईना दिवा शे वं माय!" शेजारच्या मंदाबाईंनी काचेला नाक लावून जाहीर केलं. खान्देशाची देवी कानबाई कालच घरोघर बसली होती आणि आज तिचं विसर्जन होतं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. शिवाय थेंब खरोखरच पडत होता. गाडीखाली मधाच्या रंगाचं तेल ठिबकत होतं. मंदाबाईंनी ते वाटीत धरलं, गुडघ्याला चोळलं आणि म्हणाल्या, "बठ्ठं दुखनं गयं!" पाठोपाठ गल्लीतले सगळे गुडघे रांगेला लागले.

मागच्या सीटवर भूपेंद्रचे सासरे, पितांबर नाना. पायांवर सूज, मांडीवर दवाखान्याची पिशवी. त्यांना डायलिसिससाठी धुळ्याला जायचं होतं. वेळेत पोचलं नाही, तर त्यांची खाट पुढच्या पेशंटला जाणार होती.

"जवाई," नाना म्हणाले, "हाऊ दिवा कसाना शे?"

"तेलाचा, नाना."

"ते माले बी दिसस. लागना का बरं?"

भूपेंद्रनं डॅशबोर्डावरची धूळ पुसायला घेतली. उत्तर त्यालाच सगळ्यात चांगलं माहीत होतं.

त्याचं असं झालं होतं. कानबाईच्या प्रसादाचे जाडजूड रोट घरच्या भाऊबंदांनीच खायचे असतात. जावई बाहेरचा. काल सगळं घर आत रोट खात होतं आणि पिंप्राळ्याहून आलेला हा जावई अंगणात रिकामा बसला होता. हातात मोबाईल होता. मोबाईलमध्ये एक माणूस हसत हसत गाडीचं ऑइल बदलत होता, कपड्यांना डागही न लावता. भूपेंद्रनंही मग नानांच्या गाडीचं जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला, नवं तेल भरलं. इंजिन सुरू करून बघायचं तेवढं राहिलं, कारण आतून चहा आला. रोट मिळत नसला तरी जावयाला चहा मिळतो.

आज नानांना बसवून गाडी सुरू केली आणि गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत लाल दिवा लागला. इंजिन लगेच बंद करण्याइतकी अक्कल त्याला होती. पण दिव्याकडे बघत राहण्याच्या नादात किल्ली चालूच राहिली, आणि तेवढ्यात नानांना "जपीसन जा" सांगायला मंदाबाई आल्या.

त्यानं काच खाली करून सांगून पाहिलं, "अहो, तेल गळतंय!"

"गळत नही, पाझरस!" बाहेरून दुरुस्ती आली.

एवढ्यात विसर्जनाची मिरवणूक येऊन थडकली. पुढच्या जीपमधून भगव्या कफनीतले ज्योतनाथ महाराज उतरले. त्यांनी दिवा पाहिला, तेल पाहिलं, गर्दी पाहिली. सगळ्यात जास्त वेळ गर्दी पाहिली.

"माता रथात विराजमान झाली आहे!" महाराज गरजले. "सारथी उतरला तर माता कोपेल! यजमान उतरला तर माता रुसेल! आणि काच उघडली तर..." इथे त्यांना तिसरं क्रियापद सुचेना. "काच उघडूच नका!"

सासूबाई कुंदाबाईंनी ताबडतोब मागच्या दाराला पाठ लावली. पुढच्या दाराला शेजाऱ्यांनी लावली. भूपेंद्रचा फोन वाजला. बायको कामिनी, जळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारी, गर्दीपलीकडून बोलत होती.

"अहो, काल काय केलंत तुम्ही?"

"काही नाही."

"तेल तुम्हीच बदललंत ना?"

"हळू बोल."

"इथं ढोल वाजतोय! अजून किती हळू बोलू? सांगून टाका सगळ्यांना."

"म्हणजे जन्मभर ऐकत बसू? जावयानं सासऱ्याच्या गाडीची वाट लावली म्हणून?"

"आणि नाना?"

भूपेंद्रनं आरशात पाहिलं. नाना आता एका वाक्यात दोनदा श्वास घ्यायला थांबत होते. आत भट्टी झाली होती. बाहेर कुणीतरी आरतीचं दुसरं कडवं धरलं.

महाराजांनी बॉनेट उघडायला लावलं. ते वर झालं आणि भूपेंद्रच्या समोरचं उरलंसुरलं जगही झाकलं गेलं. फक्त आवाज येत होता. "शांत हो, दीपेश्वरी! शांत हो, तैलेश्वरी! शांत हो, डिझेलेश्वरी!" गाडी पेट्रोलची होती.

आणि दिवा विझला.

जयजयकारानं काचा थरथरल्या. महाराजांनी बॉनेट बंद केलं. कुंदाबाई दारापासून बाजूला झाल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "निंघा आते! दिवा गया, इघ्न गयं!"

भूपेंद्रला इतकं हायसं वाटलं, की त्याचाही क्षणभर विश्वास बसला. चूक झाकली गेली, नाना पोचणार, गाडी बरी झाली. त्यानं किल्लीला हात घातला आणि तिथेच थांबला.

किल्ली चालू होती, इंजिन बंद. बॅटरीचा दिवा लागलेला होता. हँडब्रेकचा लागलेला होता. तेलाचा तेवढा नव्हता. पण बंद इंजिनात तेलाला दाब येणार कुठून? रोज सकाळी किल्ली फिरवली की हा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. आत्ता तो लागलेलाच असायला हवा होता.

"नाना, दिवा विझला नाही. विझवलाय."

नानांनी काचेतून महाराजांकडे पाहिलं. ते कफनीला काळे हात पुसत होते.

"हाऊ ते तोताराम शे!" नाना म्हणाले. "दाढीमुळे वळख पटनी नही. काळीपिवळी जीप चालाडे धुळाले. दिवा लागना का वायर उपटी टाके, म्हणे पॅशिंजर घाबरस. मी बसेल व्हतू एकदाव. आर्धा रस्तामा इंजिन जाम." त्यांनी श्वास घेतला. "आज माले आर्धा रस्तामा उतरनं नही, जवाई."

डोळ्यांपुढे महामार्ग आला. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये बंद पडलेली गाडी आणि तिच्यात नाना. भूपेंद्रनं दार ढकललं. ते उघडेना, तेव्हा खांदा लावून ढकललं.

"सारथी उतरला! माता कोपेल!" महाराज ओरडले.

"मातेचा काही संबंध नाही," भूपेंद्र म्हणाला. आवाज फाटला, पण निघाला. "तेल मी बदललंय. चूक माझी आहे."

ढोल थांबला. कुंदाबाईंनी जावयाकडे असं पाहिलं, की माता कोपलेली बरी वाटावी.

त्यानं बॉनेट उघडलं आणि तेल मोजायची पट्टी ओढून सगळ्यांपुढे धरली. कोरडी. फिल्टरशेजारी एक वायर सुटून लोंबत होती.

"मातेनं स्वतः तोडली!" महाराज म्हणाले.

"मग मंदामावशी जोडतील," गर्दीतून वाट काढत आलेली कामिनी म्हणाली.

मंदाबाईंनी वायर जोडली. दिवा लागला. काढली. विझला. त्यांनी पुन्हा जोडली, पुन्हा काढली आणि थक्क होऊन स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "मन्हा हातमा बी शक्ती शे!"

"शक्ती बॅटरीत आहे, मावशी."

पाठोपाठ सगळ्यांनाच करून बघायचं होतं. बघता बघता अर्धी गल्ली सिद्धपुरुष झाली आणि अस्सल सिद्धपुरुषाला मागे ढकलू लागली.

कामिनीनं मात्र वेळ घालवला नाही. नानांना न्यायला तिनं महाराजांच्या जीपची किल्ली फिरवून पाहिली. तेलाचा दिवा लागलाच नाही. महाराजांनी स्वतःच्या जीपवरही कृपा करून ठेवली होती. मग ती ढोलवाल्या प्रेमराजच्या पिकअपकडे वळली. ढोल त्यातूनच आला होता. किल्ली फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू केलं, दिवा विझला. "ही चालेल," ती म्हणाली. ढोल खाली उतरला, नाना वर चढले, पिकअप निघाली.

भूपेंद्र गाडीखाली शिरला आणि फिल्टर काढला. त्याच्या तोंडाला एक रबरी रिंग होती, आणि इंजिनाच्या बाजूला आणखी एक. जुन्या फिल्टरची रिंग काल इंजिनालाच चिकटून राहिली होती, आणि त्यानं न बघता तिच्यावरच नवा फिल्टर कसला होता. इंजिन सुरू होताच तेलाच्या दाबानं एक रिंग सरकली आणि नवं तेल भळभळ बाहेर आलं. तेल गेलं म्हणून दाब गेला आणि दाब गेला म्हणून दिवा लागला. कानबाईचा यात काही हात नव्हता. ती चौरंगावर बसून विसर्जनाची वाट बघत होती.

मंदाबाई गुडघे साबणानं धुवायला गेल्या. महाराज कधी गेले ते कुणी पाहिलं नाही, जीप मात्र पुढच्या वळणावर बंद पडलेली सापडली.

तेलाचा दिवा लागला तर इंजिन बंद करा. पट्टी बघा, गाडीखाली बघा, काल आपण काय केलं ते आठवा, आणि चुकलं असेल तर बोला. दिवा लागणं वाईट नाही, तो सांगायलाच बसवलाय. कुणी मंत्रानं विझवून दिला तर आधी त्याचे हात बघा.

दुपारी कामिनीचा फोन आला. नानांना खाट मिळाली होती. सुई टोचताना सिस्टरनं विचारलं, आजोबा, आज उशीर का झाला?

"आमना जवाईनी खरं बोलाले टाईम लाया," नाना म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले.