बॉडीला प्लस

“बाजूला हो. कुणी हात लावायचा न्हाय,” असं म्हणत सोनूबाईनं मॉरिसचं बॉनेट स्वतःच उचललं.

आरटीओच्या आवारात तपासणीची रांग लागली होती आणि तिसऱ्या नंबरला ही सत्तर वर्षांची गाडी ढिम्म उभी होती. जळका वास येत होता. सोनूबाई बहात्तर वर्षांची, निवृत्त नर्स; गडमुडशिंगीहून गाडी स्वतः चालवत आली होती. शेजारी मुलगा प्रसेनजीत घामानं डबडबला होता.

“आई, ऐक की. आता न्हाय व्हायची ही पास. हॉटेलवाल्याला फोन लावू का?”

“गप बस.”

ठरलं होतंच तसं. आज पास झाली तर आणखी पाच वर्षं रस्त्यावर. नाही तर महामार्गावरच्या एका हॉटेलाच्या दारात, टाकी कोरडी करून, नवरा-नवरीनं टेकून फोटो काढायला. शब्द सोनूबाईनंच दिला होता आणि दिलेला शब्द फिरवायची तिची रीत नव्हती. पण चालती गाडी शोभेला उभी राहायची, हे तिला पटत नव्हतं.

पटणार कसं? आरोग्य केंद्रातल्या संयोगिताबाई डॉक्टरांनी तिला ही आपली गाडी शिकवली तेव्हा गावातले निम्मे बाप्ये सायकलीवर होते. अडलेल्या किती बाया तिनं यातून दवाखान्यात पोचवल्या त्याला गणती नाही. दोघी तर मागच्या सीटवरच मोकळ्या झाल्या. बाईंनी जाण्याआधी गाडी तिच्या नावावर केली. नातेवाईक म्हणाले, डॉक्टरीणबाईंना चळ लागला. म्हणोत बापडे.

आणि गाडी तरी कशी गुणाची. जन्म विलायतेतला, पण नखरा म्हणून नाही. प्रसेनजीतच्या गाडीत एक दिवा लागला की कंपनीत नेऊन लॅपटॉप जोडावा लागतो. हिचं सगळं उघड्यावर. “पेट्रोल, हवा नि ठिणगी,” सोनूबाई सांगायची, “तिन्ही मिळाली की ही पळती. न्हाय मिळाली तर काय नडलंय ते हीच सांगती.” झिजलेला भाग उद्यमनगरातला ज्ञानू मिस्त्री गप्पा मारत मारत लेथवर वळून द्यायचा.

आज मात्र उचगाव सोडल्यापासून चार्जिंगचा लाल दिवा विझायला तयार नव्हता. आत डोकावताच सोनूबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“बॅटरी कुणी बदलली?”

प्रसेनजीतनं मान खाली घातली. “मी. सकाळी. म्हटलं जुनी दगा दील, तुझी फजिती नको. वायरी जरा पुरत नव्हत्या, ओढून बसवल्या.”

“बॉडीला मायनस लावलंस?”

“सगळ्या गाड्यांना तसंच असतंय की.”

“हिला बॉडीला प्लस लागतंय. ह्या जुन्या विलायती गाड्यांचं उलटंच असतंय, लेकरा.”

तिला चांगलंच खडसावायचं होतं. पण पोरानं मायेपोटी घोळ घातला होता. तिनं पदर खोचला. पाना मागितला, बॅटरी फिरवली, वायरी ज्याच्या त्या जागी गेल्या. डायनामोचं चार्जिंग बॅटरीला जोडणाऱ्या कटआउटची डबी उघडून काळे पडलेले पॉइंट पॉलिश पेपरनं घासले. मग वायरचा एक तुकडा घेऊन बॅटरीतून डायनामोला नुसता शिवला, म्हणजे त्याचंही उलटंसुलटं जागेवर येतं. बारीक ठिणगी उडाली. रांगेतली माणसं भोवती गोळा झाली होती. तिनं एकाकडेही बघितलं नाही.

“आता म्होरनं हँडल मार.”

तिसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं. तिनं जरा रेस दिली आणि लाल दिवा विझला.

इन्स्पेक्टर तरुण होता. त्यानं दिवे बघितले, हॉर्न वाजवला, टायर दाबले. “आज्जी, एक चक्कर मारून आणा. ब्रेक बघतो.”

सोनूबाई निघाली. आवाराच्या टोकाला वळण घेतलं आणि समोर एकदम पिंप. लाल, माणसाच्या कमरेएवढं. तिनं होता नव्हता तेवढा जोर लावून पाय दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. पिंप वीतभर लांब राहिलं.

“ब्रेक एक नंबर हाय, आज्जी,” इन्स्पेक्टर हसत म्हणाला. “पास.”

माणसांनी टाळ्या वाजवल्या. सोनूबाई स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिली. ब्रेक दाखवायला तिनं ब्रेक दाबलाच नव्हता. भर उन्हातलं लाल पिंप तिला दिसलं नव्हतं.

प्रसेनजीत कागद नाचवत आला. ती उतरली, गाडीला वळसा घालून डाव्या दारापाशी गेली.

“तू चालव.”

“मी? मला हिचं गिअर येत न्हाईत.”

“येतील. ते पिंप मला दिसलं न्हाय, प्रसेनजीत. गाडी पास झाली, मी न्हाय झाले.”

तिच्या तोंडाकडं बघून तो आत शिरला. स्टिअरिंगवर बसला, गिअर टाकला, क्लच फाडकन सोडला. गाडीनं आचका दिला. सोनूबाईचा उजवा पाय आपसूक दाबला गेला, पण तिथं ब्रेक नव्हता, नुसता पत्रा होता. इंजिन बंद पडलं.

“परत,” ती म्हणाली.