चाकांवरचं घर

स्टोव्हवर चहा उकळत होता. हमीद साखर आणायला उठला, चपला काढल्या, कॅराव्हॅनच्या दारावर बोटांनी दोनदा टकटक केलं आणि एक पाऊल मागे सरून उभा राहिला.

आत कोणीच नव्हतं. सासरे अलीमियाँ गाडीच्या सावलीत चटईवर बसले होते आणि त्यांची नजर नेमकी त्याच्यावरच होती. स्वतःचं म्हणून दोन दिवस मिरवलेल्या घराचं दार जावई वाजवत होता, तेही घर रिकामं असताना! हमीदला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"विंचू शिरतात आत, मामू," तो घाईघाईने म्हणाला. "आवाज केला की पळतात."

"बरं करतोस," अलीमियाँ म्हणाले.

दुबईहून रास अल खैमाला तेव्हा धड रस्ता नव्हता. ओहोटी लागली की किनाऱ्याच्या ओल्या वाळूवरून जायचं, नाहीतर आधीच्या गाड्यांच्या चाकोऱ्या शोधायच्या. सासऱ्यांना मुलूख दाखवायला हमीदची लँडरोव्हर मागे ते पांढरं घर ओढत निघाली होती. गाडी, हमीद ज्याच्याकडे नोकर होता त्या साहेबाची आणि घरही साहेबाचंच. साहेब दोन महिन्यांच्या रजेवर विलायतेला गेला होता आणि जाताना, इंजिन बसू नये म्हणून आठवड्यातून एकदा फिरवून आण, एवढंच सांगून गेला होता.

पत्रात मात्र हमीदने हर्णैला कळवलं होतं की आपण चाकांवरच्या घरात राहतो, नळ फिरवला की पाणी येतं, झोपायला हातभर जाड गादी आहे. कागद काही उलटून विचारत नाही. अलीमियाँ मात्र विचारणारे निघाले. निकाहानंतर हमीदच्या वाट्याला खैरुन्निसा दीड महिना आली होती. त्याला आता तीन वर्षं झाली. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय पोरीला बोटीत बसवणार नाही, असं म्हणून म्हातारा स्वतःच बोटीत बसून आला होता. बोटीवरच्या बड्या हुद्द्यावरून गावात त्यांना सगळे चीफसाहेब म्हणत. उभी हयात त्यांनी बोटीवर काढली होती.

हमीदने कप पुढे केला तो बशीसकट, कपाचा कान त्यांच्या उजव्या हाताकडे वळवून. मग हात मागे बांधून तो बाजूला उभा राहिला. अलीमियाँनी एक घोट घेतला आणि ते त्याच्याकडे बघत राहिले.

"बस की रे खाली."

तो चटईच्या कडेवर टेकला. आतल्या गाद्यांवरही तो दोन दिवस असाच टेकत होता. तीन वर्षं रोज ब्रश मारला होता त्यांना, पण बसायची वेळ पहिलीच.

"खैरूला धुराने खोकला येतो," अलीमियाँ म्हणाले. "तुझ्या झोपडीत चूल आत आहे की बाहेर?"

कुठली झोपडी, असं विचारता आलं असतं. दोन दिवस जीभ कशी कात्रीसारखी चालली होती. हमीदने मान खाली घातली ती वर करवेना.

"बाहेर," तो म्हणाला.

"भिंती?"

"झावळांच्या."

"आपल्याकडेही झावळांच्याच होत्या. तिची आजी तसल्याच घरात नांदली." त्यांनी चहा संपवला. "पुढच्या महिन्याच्या बोटीने पाठवतो, इन्शाल्ला. पण यापुढे पत्रात असलं काही लिहू नकोस. पोरगी सगळ्या आळीला वाचून दाखवते."

हमीदच्या डोळ्यांना धार लागली. म्हाताऱ्याने रागावून चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

अलीमियाँ गुडघ्यांवर हात टेकून उठले. "आत वाळू झालीय सगळी. साहेब यायच्या आत काढायला हवी. फडकं दे."

"मामू, तुम्ही राहू द्या! मी करतो."

त्यांनी ऐकलं नाही. फडक्याची चौपदरी घडी घातली, खिडकीची काच आधी कोपऱ्यांतून, मग वरून खाली, एकही रेघ न उमटवता पुसली आणि घडी उलटवून दुसरी काच घेतली. हमीद बघतच राहिला. इतका सफाईचा हात त्याचाही नव्हता.

"बावीस वर्षं बोटीवर काढली मी," अलीमियाँ काचेकडेच बघत म्हणाले. "काय करून काढली, ते गावात बोलू नकोस."